‘फक्त मुले’ लिहिण्याआधी : कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना खुले पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख आणि औद्योगिक संघटनांचे पदाधिकारी,
भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव व हिंजवडी परिसर

विषय : नोकरीच्या जाहिरातींतील अनावश्यक अटी काढण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी एका कंपनीने गेल्या महिन्यात आमच्या संस्थेकडे सीएनसी (संगणकाने चालणारी मशीन) ऑपरेटर प्रशिक्षणार्थींसाठी जाहिरात पाठवली. पात्रता मशिनिस्ट किंवा टर्नर ट्रेड, वय 18 ते 24, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘फक्त मुले’. आमच्या मशिनिस्टच्या शेवटच्या वर्षात मुलीही आहेत, म्हणून ही अट कशासाठी अशी लेखी विचारणा मी केली. त्यावर सुधारित जाहिरात आली. ती ओळ काढलेली होती, पण सोबतच्या निरोपात लिहिले होते, ‘मॅडम, ओळ काढली आहे, पण मुलींना पाठवू नका, उगीच त्यांची फेरी होईल.’ कंपनीचे नाव मी घेत नाही. हा प्रकार एकाच कंपनीपुरता असता तर तिथल्या साहेबांना भेटून प्रश्न मिटवता आला असता आणि खुल्या पत्राची गरज पडली नसती.

मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नोकरी-मार्गदर्शन कक्षाचे काम पाहते. तुमच्या जाहिराती मुलांपर्यंत पोहोचतात त्या या कक्षाच्या फलकावरून आणि आमच्या व्हॉट्सअॅप गटांवरून. त्यामुळे कोण कोणत्या ओळीपर्यंत वाचतो आणि कुठे पाठ फिरवतो, हे मला रोज दिसते आणि तुम्हाला कधीच दिसत नाही. तुमच्याकडे आलेल्या अर्जांची नोंद असते, न आलेल्या अर्जांची नसते. मग रोजगार मेळाव्याच्या व्यासपीठावर तुमच्यापैकीच कुणीतरी खेदाने सांगतो की आम्ही मुलींना घ्यायला तयार आहोत हो, पण त्यांचे अर्जच येत नाहीत, आणि खाली बसलेल्या मुली एकमेकींकडे पाहतात.

जाहिरातीतून माणसे वगळली की काय वाटते, याचा अनुभव आपण सगळ्यांनी 2024 साली घेतला आहे. त्या वर्षी मे महिन्यात गिरगावातल्या एका नोकरीच्या जाहिरातीत मराठी माणसांना येथे स्थान नाही अशा अर्थाची ओळ आली, आणि जुलैमध्ये मरोळ एमआयडीसीतल्या एका कंपनीने बिगरमहाराष्ट्रीय पुरुषच हवेत असे छापले. राज्यभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. मात्र त्या दुसऱ्या जाहिरातीत अटी दोन होत्या. ‘बिगरमहाराष्ट्रीय’ या शब्दावर आपण रस्त्यावर उतरायला निघालो, शेजारच्या ‘पुरुष’ या शब्दाकडे फारसे कुणी पाहिलेही नाही. ज्या कारणाने पहिली अट चूक होती, त्याच कारणाने दुसरीही चूक होती. कामाशी तिचा काही संबंध नव्हता.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार म्हणूनच ‘फक्त मुले’ या अटीबद्दल आहे. तिची कारणे मी अनेकदा विचारली आहेत आणि उत्तरे ठरलेली असतात : रात्रपाळी असते, बस मुख्य रस्त्यापर्यंतच येते, वर्कशॉपमध्ये बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह नाही, जॉब (मशीनवर घडवायचे धातूचे तुकडे) जड असतात. यातली पहिली तिन्ही कारणे कंपनीच्या सोयींची आहेत, त्यांत उमेदवाराच्या कौशल्याबद्दल एक अक्षर नाही. जड जॉबचे म्हणाल, तर किती किलोचा जॉब हाताने उचलावा लागतो आणि किती किलोपुढे होइस्ट (जड वस्तू उचलणारे यंत्र) वापरतात, हे जाहिरातीत लिहा. ते वाचून ज्याला झेपणार नाही असा मुलगाही अर्ज करणार नाही, आणि जिला झेपेल ती मुलगी करेल. आमच्या वर्कशॉपमधली एक विद्यार्थिनी लेथवरून जॉब उतरवल्यावर तो पुसते, थंड होऊ देते, मायक्रोमीटरच्या रॅचेटचा टकटक आवाज येईपर्यंत स्पिंडल सावकाश फिरवते आणि वहीत माप लिहून मगच मान वर करते. दोन शतांश मिलिमीटरच्या मर्यादेत तिचे काम एवढ्या सातत्याने बसते, की निदेशक नव्या मुलांना तिच्याजवळ उभे करतात. तुमच्या जाहिरातीपुढे मात्र तिच्या हाताला काही किंमत नाही.

उलट बाजूही तितकीच खटकणारी आहे. स्वागतकक्षासाठी ‘फक्त मुली’, त्यातही ‘अविवाहित’, ‘दिसायला आकर्षक’ आणि अजूनही अधूनमधून ‘गोऱ्या’. टेलिफोनवर नीट बोलणे, आलेल्या माणसाची नोंद घेणे, योग्य विभागाकडे त्याला पाठवणे, या कामात रंगाचा काय उपयोग होतो हे मला कुणी समजावून सांगितलेले नाही. विवाहाच्या अटीचे प्रकरण तर देशभर गाजले. 2024च्या जून महिन्यात, तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या आयफोन जोडणी कारखान्यात विवाहित स्त्रियांना नाकारले जात असल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने आपल्या भरती दलालांना जाहिरातींतून वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीच्या अटी काढायला सांगितल्याचेही वृत्त आले. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे सांगता येते ते तुमच्या कंत्राटदारांना सांगणे तुम्हाला अवघड नाही. ‘जाहिरात आमची नव्हती, कंत्राटदाराने परस्पर काढली’ हे उत्तर मी फार वेळा ऐकले आहे. जाहिरातीवर नाव आणि बोधचिन्ह तुमचे असते.

कायदा तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असणार, तरी हे पत्र उमेदवारही वाचतील म्हणून थोडक्यात लिहिते. समान कामासाठी भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करू नये, हे 1976च्या समान वेतन कायद्यातच होते. तीच तरतूद आता वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमात आली असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. 2019च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींशी भरतीपासून बढतीपर्यंत कोणत्याही टप्प्यावर भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तरीही तुमच्या ऑनलाइन अर्जांत अजून ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ असे दोनच चौकोन असतात. राज्याच्या पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा चौकोन येण्यासाठी 2022च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. तुम्हाला त्यासाठी न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही, संगणक विभागाला एक निरोप पुरेल.

आणि सुधा मूर्तींचे ते पोस्टकार्ड. टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असे लिहिलेले वाचून त्यांनी 1974 साली जे. आर. डी. टाटांना पत्र धाडले आणि पुढे त्या पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या, ही गोष्ट तुमच्या प्रत्येक महिला दिनाच्या कार्यक्रमात कुणीतरी सांगतेच. सांगायला हरकत नाही. पण त्याच कंपनीच्या फलकावर आठ मार्चला ही गोष्ट आणि नऊ मार्चला ‘फक्त मुले’ असे दिसले, की आमच्या मुलींना त्यातून काय बोध घ्यायचा ते कळत नाही.

दुसरी तक्रार अपंग उमेदवारांची आहे, आणि येथे तुमचा हेतू वाईट असतो असे मला वाटत नाही, विचारच केलेला नसतो. ‘शारीरिकदृष्ट्या धडधाकट’ ही ओळ तुम्ही बैठ्या कामाच्या जाहिरातीतही सवयीने टाकता. ड्राफ्ट्समनचे काम संगणकासमोर बसून करायचे असते, तिथे एका पायाने अधू असलेल्या मुलाला ही ओळ का लागू व्हावी? आमचा एक माजी विद्यार्थी कर्णबधिर आहे. त्याचे ड्रॉइंग चोख असते, पण बऱ्याच जाहिरातींच्या तळाशी ‘फक्त फोन करा, मेसेज करू नये’ असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्ज तिथेच संपतो. अंशतः दृष्टिहीन असलेली एक विद्यार्थिनी फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरते. तुम्ही निळ्या-पिवळ्या रंगांत सजवलेली जाहिरात चित्राच्या रूपात पाठवता, तेव्हा तिचा फोन फक्त ‘चित्र’ एवढेच म्हणतो. चित्राखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टंकून पाठवायला किती वेळ लागतो? 2016चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आणि 2017चे नियम यांनुसार 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण तयार करून प्रसिद्ध करायचे आहे, आणि त्यात अपंगांसाठी कोणत्या सुविधा आहेत, कोणती पदे योग्य आहेत, निवड कशी होते हे सांगायचे आहे. हे धोरण कुठे पाहायला मिळेल असे मी विचारते, तेव्हा बहुतेक ठिकाणी पलीकडे शांतता पसरते. मात्र इंग्रजीतले ‘आम्ही समान संधी देणारी संस्था आहोत’ हे वाक्य जाहिरातीच्या तळाशी असते. एका जाहिरातीत ते ‘फक्त पुरुष उमेदवार’ या ओळीच्या बरोबर खाली होते.

वय, गुण आणि खंड या तीन अटींचा मी एकत्रच विचार करते, कारण त्यांची मार एकाच प्रकारच्या माणसावर पडते. दहावी, बारावी आणि डिप्लोमा तिन्हींत 60 टक्के, शिक्षणात खंड नको, वय 24च्या आत. घरची शेती, वडिलांचे आजारपण, बाळंतपण, दहावीला गणितात एकदा बसलेला फटका, यातले काहीही ज्याच्या वाट्याला आले तो या तिहेरी चाळणीतून खाली पडतो, मग ट्रेडच्या परीक्षेत तो पहिला का आला असेना. तीन वर्षे घरी राहून पुन्हा कामावर येऊ पाहणारी बाई कंपनीला नको असते ती ‘खंड’ आहे म्हणून, आणि त्या तीन वर्षांत तिने काय केले हे विचारण्याची तसदी कुणी घेत नाही. ‘फ्रेशर हवा, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ ही जाहिरात मी गंमत म्हणून जपून ठेवली आहे.

तुमचे म्हणणे मला ठाऊक आहे : दहा जागांना हजार अर्ज येतात, कुठेतरी चाळण लावावीच लागते. जरूर लावा, पण कामाची लावा. अर्ध्या तासाची ट्रेड टेस्ट घ्या, एक ड्रॉइंग वाचायला द्या, एक जॉब मोजायला द्या. तेवढ्यात जे कळते ते दहावीच्या गुणपत्रिकेवरून कळत नाही. शिवाय दर तिमाहीला ‘कुशल माणसे मिळत नाहीत’ म्हणून आम्हाला फोन करणारेही तुम्हीच असता.

भाषेचा मुद्दा नाजूक आहे, कारण त्याचा चटकन राजकीय अर्थ लावला जातो. मी एवढेच म्हणते की वेल्डरची जाहिरात इंग्रजीत, अर्ज इंग्रजीत, ‘अस्खलित इंग्रजी संभाषण’ ही अट, आणि प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवरचे सगळे बोलणे मराठी-हिंदीत, हा प्रकार कुणाच्याच हिताचा नाही. परदेशी ग्राहकांशी बोलावे लागत असेल तर तसे लिहा. ड्रॉइंगवरच्या इंग्रजी सूचना वाचता येणे पुरेसे असेल तर तेवढेच लिहा. हिंजवडीतल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट सांगते. जाहिरातींतल्या ‘आक्रमक’, ‘वर्चस्व गाजवणारा’, ‘स्पर्धेत झोकून देणारा’ अशा शब्दांमुळे स्त्रियांना ती नोकरी कमी आकर्षक वाटते, असे डॅनियल गौचर आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. तुमच्या ‘रॉकस्टार’ आणि ‘निंजा’ डेव्हलपरच्या जाहिराती त्याच जातकुळीतल्या आहेत. ज्याला नीट, वेळेवर आणि चुका न करता कोड लिहिता येतो, त्याने निंजा कशाला व्हायचे?

जातीबद्दल तुमच्या जाहिराती काही बोलत नाहीत, बोलतात ते अर्जाचे नमुने. खासगी कंपनीच्या अर्जात धर्म, जात आणि काही ठिकाणी पोटजातसुद्धा विचारलेली मी पाहिली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या संशोधकांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी बोलावणी आली, असा त्यांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. आडनाव लपवता येत नाही, पण त्याच्या जोडीला आणखी तीन रकाने तरी कशाला?

शेवटची तक्रार पगाराची. ‘पगार मुलाखतीत ठरेल’ किंवा ‘उद्योगातील सर्वोत्तम’ हे लिहिणे तुम्हाला निरुपद्रवी वाटत असेल. पण ज्याचा मामा किंवा मित्र कंपनीत आहे त्याला आकडा आधीच ठाऊक असतो, आणि घरातली कारखान्यात जाणारी पहिलीच मुलगी अंदाजाने कमी आकडा सांगून मोकळी होते. शिवाय मोशीहून रांजणगावला रोज जायचे की तिथे खोली घ्यायची, हे हातात किती येणार ते कळल्याशिवाय तिने कसे ठरवावे? युरोपीय संघाच्या 2023च्या निर्देशानुसार तिथल्या मालकांना उमेदवाराला मुलाखतीपूर्वी वेतनाची किमान-कमाल मर्यादा सांगावी लागणार आहे, आणि आधीच्या नोकरीतला पगार विचारण्याची मुभा राहणार नाही. चाकण आणि तळेगावातल्या अनेक कंपन्यांची मूळ घरे जर्मनीत आहेत. तिथे 2006च्या समान वागणुकीच्या कायद्याने भेदभाव करणाऱ्या जाहिराती निषिद्ध केल्या असून पदनामापुढे पुरुष, स्त्री आणि तृतीय लिंग अशी तिन्हींची आद्याक्षरे छापण्याची पद्धत रुळली आहे. एकाच समूहाने म्युनिकसाठी एक आणि म्हाळुंगेसाठी दुसरी अशी दोन मापे का ठेवावीत?

ज्या जाहिरातीपासून हे पत्र सुरू झाले ती मी माझ्या परीने लिहून पाहिली. मजकूर असा होईल : ‘सीएनसी ऑपरेटर प्रशिक्षणार्थी. काम : मशीनवर जॉब लावणे, ऑफसेट भरणे, व्हर्निअर व मायक्रोमीटरने माप तपासणे. 12 किलोपर्यंतचे जॉब हाताने उचलावे लागतात, त्यापुढे होइस्ट आहे. पात्रता : मशिनिस्ट किंवा टर्नर ट्रेड उत्तीर्ण. वयाची अट 18 पूर्ण एवढीच. शिक्षणात वा कामात खंड असल्यास अडचण नाही. तिन्ही पाळ्या आळीपाळीने, रात्रपाळीला बस घरापर्यंत, स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची खोली. स्त्री, पुरुष, तृतीयपंथी व अपंग उमेदवारांनी अर्ज करावा, चाचणीसाठी काही सोय हवी असल्यास आधी कळवावे. वेतन महिना अमुक ते अमुक, त्यातून होणारी कपात अमुक. नेमणूक कंपनीच्या पटावर की कंत्राटदारामार्फत : स्पष्ट उल्लेख. निवड : अर्ध्या तासाची ट्रेड टेस्ट व मुलाखत. संपर्क : फोन, मेसेज किंवा ईमेल, यांपैकी काहीही.’ मूळ जाहिरातीपेक्षा हा मजकूर लांब आहे हे मान्य. मात्र यातली प्रत्येक ओळ तुम्हाला खरी करून दाखवावी लागेल, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे : ‘फक्त मुले’ लिहिले की स्वच्छतागृह बांधावे लागत नाही.

आता मागण्या. त्या नव्या खर्चाच्या कमी आणि सवय सोडण्याच्या अधिक आहेत.

लिंग, वैवाहिक स्थिती, रंगरूप यांच्या अटी तुमच्या आणि तुमच्या कंत्राटदारांच्या जाहिरातींतून पूर्णपणे काढाव्यात, आणि ओळ काढून तोंडी निरोप तोच ठेवण्याचा प्रकार बंद करावा. फक्त स्त्रियांसाठी किंवा अपंगांसाठी खास भरती काढायची असेल तर अवश्य काढा, ज्यांना आजवर दार बंद होते त्यांच्यासाठी ते उघडणे ही वेगळी गोष्ट आहे. उरलेल्या प्रत्येक अटीपुढे ती कोणत्या कामासाठी आहे हे विभागाने लिहून द्यावे, न देता आल्यास अट गाळावी. जाहिरात चित्रासोबत साध्या मजकुरातही द्यावी, मराठीतही द्यावी, आणि फोनशिवाय संपर्काचा दुसरा मार्ग द्यावा. वेतनाची मर्यादा, पाळी, वाहतूक आणि नेमणुकीचा प्रकार छापावा. अर्जातून धर्म व जातीचे रकाने काढावेत. समान संधी धोरण संकेतस्थळावर टाकावे आणि त्याचा पत्ता जाहिरातीत द्यावा. औद्योगिक संघटनांनी जाहिरातीचा एक नमुना सभासदांना पाठवावा, माझाच वापरला तरी चालेल.

आमच्या बाजूने आम्ही एक निर्णय घेतला आहे आणि प्राचार्यांनी त्याला मान्यता दिली आहे. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून ज्या जाहिरातीत लिंग, विवाह किंवा रंगरूपाची अट असेल ती आमच्या फलकावर लागणार नाही आणि गटांवरही जाणार नाही. ती कारणासह परत पाठवली जाईल. दुरुस्तीसाठी मदत हवी असल्यास कक्ष सोमवार ते शुक्रवार दुपारी 2 ते 5 उघडा असतो. आणि दुरुस्त जाहिरातीवर आम्ही जे उमेदवार पाठवू त्यांत मुली असतील, याची कृपया नोंद घ्यावी.

कळावे,

आपली विश्वासू,
समन्वयक, नोकरी-मार्गदर्शन कक्ष,
एक औद्योगिक प्रशिक्षण संस्था, पिंपरी-चिंचवड